पूर्वेच्या काठावरची टिबुकली

दुकान, २० नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. सात महिन्यांत तुला अकरा वेळा फोन केला. दोनदा जावईबापूंनी उचलला आणि दोन्ही वेळा "ती आंघोळीला गेलीय" म्हणाले. एकदा सकाळी आठला, एकदा संध्याकाळी सातला. दिवसातून दोनदा आंघोळ करणारी माणसं असतात, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून हे पत्र. पत्राला असं दारातून परत पाठवता येत नाही.

मुलांची आणि कुटुंबांची हिवाळी पक्षीमोजणी यंदा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे अकरा तारखेला आहे. नेहमीप्रमाणे तलावाच्या पंपघराशी सकाळी साडेसहाला जमायचं, पावणेसातला निघायचं. बारावं वर्ष. आत्तापर्यंत सतरा कुटुंबांनी नावं दिली आहेत. मुलं एकतीस, सगळ्यात लहान पाच वर्षांचं. दुर्बिणी नऊ. त्यातल्या दोन दुर्बिणींच्या भिंगांना बुरशी आली होती. मी स्वतः उघडून साफ केल्या. वजनकाटे उघडणाऱ्या हाताला दुर्बीण म्हणजे काही फार नाही.

नियम तेच. प्रत्येक गटात एक मोठं माणूस आणि निदान एक मूल. पक्षी दोघांनी पाहिला तरच तो तक्त्यात लिहायचा आणि दोघांनी सही करायची. शंका असेल तर लिहायचं नाही. गेल्या वर्षीपासून मोठ्या शहरातलं पक्षीमंडळ आपले आकडे घेतं, हे तुला ठाऊक आहेच. तिथे सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, काटे दुरुस्त करणारा. तरी त्यांच्या अहवालात आपल्या तलावाचं पान जसंच्या तसं छापून आलं, एका आकड्याचीही शंका न काढता. हे सहज होत नाही.

पूर्वेचा काठ यंदा तुझ्या बिट्टीला द्यायचं ठरवलंय. दहा वर्षांची झाली, गटप्रमुख व्हायला हरकत नाही. गेल्या वर्षी जे झालं ते मोजणीपुरतं होतं, पोरं विसरतात. तुझा राग त्याचा नाही, हे मला कळतं. तुझा राग मार्चचा आहे. आप्पा दवाखान्यात होते आणि मी चार दिवस उशिरा पोचलो. मंडईतले काटे तपासणीला द्यायचे होते, पण ते कारण पुरेसं नव्हतं. चूक माझी. मान्य.

आता तरी ये. बिट्टीसाठी सोबत तलावाचा नकाशा ठेवलाय, हाताने काढलेला. प्रमाण बरोबर आहे.

तुझा,
दादा

—

२८ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. पत्र मिळालं. आम्ही येणार नाही. त्या रविवारी बिट्टीची पोहण्याची शर्यत आहे. आप्पांची दुर्बीण तू मागितली नाहीस, पण मागशील म्हणून आधीच सांगते: ती इथे आहे आणि इथेच राहील.

नकाशा बिट्टीला दिला. तिने घडी घालून कपाटात ठेवला.

थंडी वाढलीय, कानाला बांधत जा.

धाकटी

ता. क. मी आंघोळीला गेले नव्हते. दोन्ही वेळा.

—

दुकान, ३ डिसेंबर

चि. धाकटीस,

तुमच्या गावच्या तरणतलावाच्या कचेरीत मी फोन केला. अकरा जानेवारीला शर्यत नाही. टाकीला चीर गेली म्हणून तलाव ऑक्टोबरपासून बंद आहे. थापच मारायची तर आधी चौकशी करून मार. लहानपणीही तुला हे जमायचं नाही.

म्हणजे कारण वेगळं आहे. ते जर गेल्या वर्षीच्या त्या एका ओळीचं असेल, तर माझं ऐकून घे. ती ओळ मी खोडली नाही, नियमाने खोडली. अकरा वर्षांत जो पक्षी या तलावावर एकदाही दिसला नाही, तो नऊ वर्षांच्या मुलीला आणि मोतीबिंदू झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दिसतो. मंडळाचे सचिव समोर बसलेले. पहिल्याच वर्षी माझं हसं झालं असतं. भाची म्हणून तिला सूट दिली असती तर बाकीच्या तीस मुलांना काय तोंड दाखवलं असतं? डोळ्यांत तेल घालून अकरा वर्षं हे उभं केलंय मी. कुणी शिकवलं नाही, कुणी मदतीला आलं नाही.

आप्पांना मी घरी आणून रागावलो असतो तर ती वेगळी गोष्ट. मी थोडी गंमत केली, तेही हसले. तुला आठवत नसेल, मला आठवतं.

दादा

—

१० डिसेंबर

दादा,

शर्यत नाही. बिट्टीला पोहताही येत नाही. आता खरं लिहिते, तू बसून वाच. गिऱ्हाईक आलं तर थांबव.

मलाही सगळं आठवतं. पंपघराच्या शेडमध्ये साठेक माणसं होती. पोरं दूध-बिस्किटं खात होती. तू एकेका गटाचा तक्ता मोठ्याने वाचत होतास. पूर्वेच्या काठाचा हातात घेतलास आणि थांबलास. "शेंडीवाली टिबुकली, एक." बिट्टीचं अक्षर. पुढे तिची सही आणि आप्पांची सही. बिट्टी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मान लांब होती, गळा पांढरा होता. साध्या टिबुकलीची मान एवढी नसते." तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. सचिवांकडे बघत म्हणालास, "साक्षीदार चष्मा घरी विसरून आलेत. आता आजोबांनी नातीला शेंडी लावली की नातीने आजोबांना, एवढंच ठरवायचं राहिलंय." सगळे हसले. तुझा तो सचिव खोकला येईपर्यंत हसला, आणि तुझा चेहरा असा फुलला की मला तुझी लाज वाटली. मग तू तांबडं पेन काढलंस आणि ओळ खोडलीस. पट्टी लावून.

आप्पा चष्मा विसरले नव्हते, दादा. त्यांना चष्म्याची गरज उरली नव्हती. नोव्हेंबरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. इथेच, आमच्या दवाखान्यात. मी औषधांच्या खिडकीवर बसते म्हणून थेंबसुद्धा मीच आणायची, दिवसातून चार वेळा मीच घालायची. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली सगळ्यात बारीक ओळ वाचून दाखवली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस, पुन्हा बारीक अक्षर दिसलं म्हणून ढसाढसा रडला. तुला ते शेवटपर्यंत काट्याच म्हणायचे. म्हणाले, "काट्याला कळवू नकोस. मोजणीला जाऊ आणि तिथेच दाखवू. बघू त्याच्या लक्षात येतं का."

तुझ्या लक्षात आलं. नेमकं आलं. चष्मा नाही हे साठ माणसांत तुला एकट्यालाच दिसलं. आणि त्याचा अर्थ तू काय काढलास?

परत येताना गाडीत मी म्हटलं, "सांगितलं का नाहीत तिथल्या तिथे?" तर म्हणाले, "एवढी माणसं त्याचं ऐकतात, बघितलंस ना? त्याच्याच मांडवात त्याची पंचाईत कशाला?" पुढे स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. बिट्टी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करत होती.

त्यानंतर दुर्बीण कपाटात गेली. रोज सकाळी दोघं गच्चीवर जायची, ते बंद झालं. बिट्टी म्हणायची "नको", आणि ते म्हणायचे "बरं". फेब्रुवारीत खोकला लागला, मार्चमध्ये दवाखाना. बाकीचं तुला ठाऊक आहे. तू चार दिवस उशिरा आलास त्याचा मला राग नाही. तू जानेवारीतच गेला होतास.

हे मी एप्रिलमध्ये, आप्पांच्या दिवसकार्यालाच सांगणार होते. घरात माणसं होती, आणि तू खाली मान घालून बसला होतास. नाही सांगवलं. आता तू "तेही हसले" असं लिहिलंस, म्हणून सांगितलं.

धाकटी

—

दुकान, २७ डिसेंबर

धाकटे,

हे चौथं पत्र. तीन लिहून फाडली. त्यांत माझी बाजू होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद केलं. मंडईतला भाजीवाला काटा न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "आज काय झालं, तुमचाच काटा हलला की काय?" मी हसलो सुद्धा. सवय.

आता एक गोष्ट मी सांगतो, जी मी कुणाला सांगितलेली नाही.

मोजणी रविवारी झाली. मंगळवारी मी तक्ता मंडळाला टपालाने पाठवला. बुधवारी सकाळी, पंधरा तारखेला, मी एकटाच पूर्वेच्या काठावर गेलो. का गेलो? मला वाटतं, मुलीने मानेचं सांगितलं ते डोक्यातून जात नव्हतं. "साध्या टिबुकलीची मान एवढी नसते" हे वाक्य पुस्तकातलं नाही, बघणाऱ्याचं असतं. सात वाजून वीस मिनिटांनी ती लव्हाळ्यांच्या बाहेर आली. लांब मान, पांढरा गळा, डोक्यावर काळी शेंडी चापून बसवलेली. माझ्यापासून साठ पावलांवर. मी पंचवीस मिनिटं बघितली. बुडायची, आणि मी मनात आकडे मोजायचो. एकदा एकतीस आकडे मोजले, तोवर वर आली नाही.

माझ्या वहीत आहे हे सगळं. तारीख, वेळ, वारा, आकाश. खाली मी लिहिलंय: "बिट्टी बरोबर होती." आणि वही बंद केली.

त्याच संध्याकाळी आप्पांना फोन करायला घेतला होता. आकडे फिरवले आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. तक्ता गेला होता. मंडळाला लिहायचं म्हणजे पहिल्याच वर्षी दुरुस्ती. "काटेवाल्याचा तक्ता चुकला." मला वाटलं, पुढच्या वर्षी मोजणीला आले की त्यांना बाजूला घेऊन गंमत म्हणून सांगू. पुढचं वर्ष आहे, असं मी धरून चाललो. इतकी वर्षं लोकांना सांगतोय की अंदाजाने काही लिहू नका.

डोळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी काय केलं असतं, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सचिव समोर बसले होते.

तुझं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मंडळाला दुरुस्ती पाठवली. गेल्या वर्षीची बारा जानेवारी, पूर्वेचा काठ, शेंडीवाली टिबुकली, एक. पाहणारे: माझी भाची, वय नऊ, माझे वडील, निवृत्त खिळे जुळारी, वय अठ्ठ्याहत्तर, दृष्टी उत्तम. खोडण्याचं कारण: संयोजकाचा अविचार. सचिवांचं कार्ड आलं, नोंद स्वीकारली म्हणून. अकरा तारखेला सगळ्यांसमोर मी हे वाचणार आहे. ज्या शेडमध्ये हसवलं, त्याच शेडमध्ये.

बिट्टीला घेऊन ये. तिने समोर असायला हवं. माझ्यासाठी नको येऊस.

दादा

—

४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र बिट्टीला वाचून दाखवलं. मला वाटलं, उडी मारेल. ती उठूनच गेली. आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "मामाने आप्पांचं नाव लिहिलं?" मी म्हटलं, हो. तर रडायला लागली.

दोन दिवस खोदून विचारलं, सांगत नाही. आज हे पाकीट दिलं, स्वतः डिंकाने चिकटवलेलं. "मामाला द्यायचं, तू वाचायचं नाही." मी वाचलेलं नाही. उजेडापुढे धरून बघितलं, पण तिने आतून कागद दुमडून घातलाय. तुझीच भाची.

यायचं मन होत नाहीये, दादा. पंधरवड्यात तुझी तीन पत्रं फाटली, मला अजून एकही फाडता आलेलं नाही. थोडा वेळ दे.

धाकटी

(सोबतचं पाकीट)

प्रिय मामा,

हे आईला सांगू नका. मी सांगीन पण आत्ता नको.

आप्पांनी तो पक्षी बघितला नव्हता. मी एकटीनेच बघितला. तेव्हा ते माझ्या बुटाची नाडी बांधत होते, कारण माझी बोटं गार पडली होती. मी ओरडले "आप्पा आप्पा" आणि ते उठेपर्यंत ती बुडली. आम्ही खूप वेळ थांबलो पण ती दुसरीकडे कुठे वर आली असेल, दिसली नाही. मी म्हटलं, आता लिहिता नाही येणार, दोघांनी बघावं लागतं. ते म्हणाले, कशी होती सांग. मी सगळं सांगितलं. मान, गळा, शेंडी. मग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. मी म्हटलं, आप्पा हे खोटं आहे. ते म्हणाले, "मी तुला बघत होतो. तुझा चेहरा बघितला, म्हणजे बघितल्यासारखंच."

नंतर तुम्ही ओळ खोडली आणि सगळे हसले तेव्हा मला वाटलं तुम्हाला कळलं. आप्पा माझ्यामुळे खोटं बोलले आणि पकडले गेले. म्हणून ते गाडीत बोलत नव्हते. म्हणून मी गच्चीवर जात नव्हते, कारण परत पक्षी दिसला असता आणि परत त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. पण त्यांना वाटलं मला आवडत नाही आता.

तुमची नोंद चुकीची आहे. नियमाप्रमाणे तुम्ही खोडलं ते बरोबर होतं. तुम्ही मंडळाला परत लिहा. मला चालेल.

तुमची,
बिट्टी

—

दुकान, १२ जानेवारी

प्रिय बिट्टी,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि आणखी कुणी वाचणार नाही. आईला कधी सांगायचं ते तू ठरव. घाई नाही.

आधी कालची मोजणी. माणसं अठ्ठावन्न, मुलं चौतीस. धुकं होतं. मी पावणेसातची वेळ असताना सात वाजेपर्यंत रस्त्याकडे बघत थांबलो. बारा वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला, आणि एका पाच वर्षांच्या मुलाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुमचं घड्याळ बंद पडलंय का?" चक्रवाक सहा, थापट्या एकोणीस, साध्या टिबुकल्या अकरा. शेंडीवाली नाही. यंदा ती कुणालाच दिसली नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितेस, मी खोडलं ते बरोबर होतं. नाही. मला तुमची नाडीची गोष्ट ठाऊक नव्हती. मी खोडलं ते लोक हसतील म्हणून, आणि मग मीच त्यांना हसवलं. नियम फक्त नावाला पुढे केला होता. आप्पा गाडीत गप्प होते ते माझ्या बोलण्याने. पकडले जाण्याची त्यांना भीती नव्हती. छापखान्यातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला कोण पकडून काय करणार? त्यांना तुझा राग नव्हता, एका अक्षराचाही. हे मी तुला मागच्याच वर्षी, त्याच दुपारी सांगायला हवं होतं. तेव्हा तुम्ही दोघंही समोर होतात. एक वर्ष तू ते एकटीने वाहिलंस, आणि गच्चीवर तुम्ही दोघं एकमेकांना जपत राहिलात. ते दिवस मला कुठूनही परत आणून देता येत नाहीत. काट्यात चूक झाली तर मी पारडं काढून पुन्हा बसवतो. इथे काही काढता येत नाही.

दुपारी शेडमध्ये मी दुरुस्ती वाचली. गेल्या वर्षी इथे उभा राहून मी एका मुलीची आणि माझ्या वडिलांची चेष्टा केली, पक्षी खरा होता, तो मी तीन दिवसांनी स्वतः पाहिला आणि गप्प बसलो, असं सगळं. कुणी हसलं नाही.

तुझं पत्र खिशात होतं. मी मंडळाला परत लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. तिथे आप्पांचं नाव राहील. मला माहीत आहे ते चूक आहे. माझ्या हातून जाणूनबुजून राहिलेली ही पहिलीच खोटी नोंद.

पण सचिव हुशार माणूस. सगळे निघाल्यावर त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "दुसरा साक्षीदार आता हयात नाही, म्हणून विचारतो. वडिलांनी नक्की पाहिला होता ना?" मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, "हो. नक्की."

एवढे दोन शब्द बोलून मी दुधाचे कप मोजायला घेतले, आणि तीनदा चुकलो. आप्पांनी काठावर, नाडी बांधून उठता उठता, हे इतक्या सहज कसं केलं असेल? मला त्यांना विचारायचं होतं.

तुझा,
मामा